ज्याची जशी चाल, त्याची तशी वाट
(नवी मुंबईच्या आसपासच्या रानवाटांची एक सहल)



यंदा ज्यांच्या उसाला लवकर तोड मिळाली अशा आम्हा बारा जणांना फेब्रुवारीच्या अखेरीस थोडी उसंत सापडली. त्यातच एका सभासदाच्या मुलाचे लग्न कामोठ्याला निघाले. आपल्या भागातली किती तरी पोरे माथाडीत, वाशीच्या बाजार समितीत, नाही तर कुठल्याशा कंपनीत नोकरीला लागून कोपरखैरणे, घणसोली, कामोठे या बाजूला घरे करून राहिली आहेत. त्यामुळे वर्षातून एकदोनदा तरी नवी मुंबईची फेरी कुणाला चुकत नाही. आणि गेलेला प्रत्येक जण चौथ्या दिवशी एकच तक्रार घेऊन परत येतो, "पोरगं चांगलं, सून चांगली, पण चौथ्या मजल्यावर कोंडल्यासारखं होतं बघा." ज्याने जन्मभर बांधावरून चालत पाणी पाजले, त्याला गॅलरीतली खुर्ची किती वेळ पुरणार?

म्हणून आम्ही ठरवले, लग्न उरकले की तीन दिवस मुक्काम वाढवायचा आणि शहराच्या कडेची राने पायाखालून घालायची. या तीन दिवसांत जे पाहिले, आणि आमची जी एक जुनी चूक आमच्या ध्यानात आली, ती सभासदांपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

आधी चूक

मागच्या वर्षी आम्ही सभासदांची एक सहल एका किल्ल्यावर नेली होती. बरोबर एक दादा होते. दहा वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. जयपूर फूट लावून ते शेतात सगळी कामे करतात, दारे धरतात, बैल सोडले तर कशाला नाही म्हणत नाहीत. निघण्यापूर्वी त्यांनी आम्हाला विचारले होते, "गड कसा हाय?" आम्ही बेधडक सांगितले, "सोपा आहे, चला!"

पायथ्याला पोचलो तेव्हा समोर पायऱ्या उभ्या होत्या, एकीवर एक. दादांनी वर पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी हितं सामान बघतो." आम्ही गेलो. चार तासांनी उतरलो तेव्हा दादा गाडीत आमच्या पिशव्या आणि चपला राखत बसले होते. कोणी काही बोलले नाही. त्यानंतर दादा कोणत्याच कार्यक्रमाला आले नाहीत. वार्षिक सभेलाही त्यांची सही दिसली नाही. आम्हाला वाटले, कामात असतील.

या लग्नाला ते आले, कारण नवरदेव त्यांचा भाचा. तीन दिवस फिरायचे ठरले तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकले, "मी घरीच थांबतो." आता मात्र आमच्यातल्या आत्यांनी धरले. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "तू नाहीस तर मीबी नाही. जिथं दोघांना जाता येईल तिथंच जाऊ, बाकीचे आपले उड्या मारू देत." दादा कबूल झाले, पण मनातून नव्हते.

वाशी : "सोपं" म्हणजे काय?

पहिल्या दिवशी सकाळी वाशीच्या मिनी सीशोरला गेलो. खाडीच्या कडेला तळे आणि भोवताली फिरायला बांधलेली सपाट वाट. सकाळी तिथे म्हाताऱ्या माणसांची, पोराबाळांची ही गर्दी असते. नेरुळलाही 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या नावाने अशीच पाण्याकाठची वाट आहे. ज्याला फार चालवत नाही, त्याने यांपासून सुरुवात करावी. कंटाळा आला की मागे फिरता येते, आणि रिक्षा हाकेच्या अंतरावर असते.

आमच्याबरोबर नवरीकडची एक मुलगी आली होती. चाकाच्या खुर्चीवर असते, बँकेच्या परीक्षा देते. तिला आम्ही कौतुकाने म्हणालो, "उद्या कर्नाळ्याला चल, तिथली वाट सोपी आहे म्हणे."

ती हसली. म्हणाली, "काका, सोपी म्हणजे काय ते सांगा. पायऱ्या किती? वाट किती रुंद? फाटकात खांब रोवलेत का? चढ आहे तर किती लांब? बसायला बाक किती अंतरावर? आणि संडास आहे का, त्याच्या दारातून खुर्ची जाते का? एवढं सांगा, मग सोपी की अवघड ते माझं मी ठरवते."

आम्ही गप्प झालो. दादा मात्र बोलले. "बरोबर हाय पोरी. उसाचं वजन कोण नजरेनं धरतं का? आमी काट्यावर घातल्याबिगर मानत न्हाई. आन वाटंचं मात्र ह्यांनी नजरेनं सांगावं!"

बंधूंनो, त्या वाक्यात मागच्या वर्षाचा सगळा हिशेब होता. काट्यावर दहा किलो इकडेतिकडे झाले तर आपण कारखान्याच्या दारात ठाण मांडतो. आणि दुसऱ्याच्या पायाखाली किती पायऱ्या येणार, हे मात्र "सोपं आहे" एवढ्या दोन शब्दांत मोजून मोकळे होतो.

त्याच मुलीने एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. डोंगर, तळी आणि मधूनमधून शेतकऱ्यांची मेंढरांची कुरणे. तिथे फिरणाऱ्यांच्या वाटा शेतांमधूनच जातात, आणि कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. उद्यानाच्या लोकांनी चाळीसहून अधिक वाटा अशा निवडल्या की ज्यांवर कुंपणाची एकही पायरी चढावी लागू नये. त्यांची तीन प्रतींत वर्गवारी केली : सर्वांसाठी, अनेकांसाठी आणि काहींसाठी. कुठे खडी आहे, कुठे चढ आहे, हे आधी सांगितलेले असते. आपल्याकडे जमिनीची प्रत पाहून वाण निवडतात, त्यातलाच हा प्रकार. खडकाळ माळावर आडसाली लावून कोणी पीक येईना म्हणून जमिनीला शिव्या देत नाही.

कायदाही आता याच बाजूला आहे. दिव्यांगांसाठी आपल्या देशात १९९५ साली पहिला मोठा कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली आणि ७ प्रकारांच्या जागी २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले गेले. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, करमणुकीच्या ठिकाणीही दिव्यांगांना जाता यावे, असे त्यात लिहिले आहे. लिहिलेले सगळीकडे झाले आहे असे नाही. पण मागणी करायला आधार मिळाला आहे, हेही थोडके नव्हे.

ऐरोली : खारे पाणी आणि गुलाबी पाखरे

दुपार कलल्यावर ऐरोलीच्या खाडीकाठी गेलो. वन खात्याच्या कांदळवन कक्षाने तिथे सागरी जैवविविधता केंद्र उभारले आहे. आत माहितीची दालने आहेत आणि तिवरांच्या झाडीतून फिरण्यासाठी फळ्यांची वाट आहे. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ साली या खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले.

आपल्या सभासदांनी इथे तिवराचे झाड मुद्दाम पाहावे. ज्यांच्या जमिनी पाण्याच्या अति वापराने खारवटल्या, चोपण झाल्या, त्यांना मीठ काय करते ते सांगायला नको. खारवट जमिनीत उसाची उगवण विरळ होते, पाने कडेने करपतात. तिवर मात्र भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभे राहते आणि आत आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहिले तर खारट लागते. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून त्याची श्वासमुळे पेन्सिलीसारखी जमिनीतून वर आलेली असतात. निचरा नसलेल्या रानात पीक का गुदमरते, हे ज्याला पुस्तकातून कळत नाही त्याला इथे पाच मिनिटांत कळेल.

फ्लेमिंगो, ज्याला आपण रोहित किंवा अग्निपंख म्हणतो, ते साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत खाडीत असतात. २०१९ च्या मोजणीत या भागात ते लाखाहून अधिक भरले. चोच उलटी पाण्यात घालून ते चिखलातले बारीक शेवाळ गाळून खातात. त्यातल्या रंगद्रव्यानेच त्यांना गुलाबी रंग चढतो. जवळून पाहण्यासाठी होडी निघते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर अवलंबून असते. आधी फोन करून वेळ विचारावी, आणि होडीत चढताना किती पाऊल उचलावे लागते तेही विचारावे. आम्ही विचारले नव्हते. त्या दिवशी आमच्या वेळेला पाणी उतरलेले होते, म्हणून काठावरूनच पाहून समाधान मानले. लांबवर चिखलावर कोणी गुलाल उधळून ठेवावा तशी रेघ दिसत होती.

परतताना एक विचार मनात आला. ही नवी मुंबई १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर आखली गेली. त्याआधी इथे भातखाचरे होती, मिठागरे होती, कोळ्या-आगऱ्यांची गावे होती. १९८४ साली जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. आपण शेतकरी आहोत. या सपाट, गुळगुळीत वाटांवरून चालताना त्या कोणाच्या बांधांवर उभ्या आहेत, हे विसरू नये.

कर्नाळा : एक रान, तीन वाटा

दुसरा दिवस कर्नाळ्याचा. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने साधारण १२ किलोमीटर. पेण-अलिबागकडे जाणारी एस.टी. दारातच सोडते. वाटेत शिरढोण लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. १८४५ साली ते इथे जन्मले, आणि त्यांचे आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. आम्ही तिथे उतरून हात जोडले आणि पुढे निघालो.

कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे. १९६८ साली ते जाहीर झाले तेव्हा क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ साली ते वाढवून १२ चौरस किलोमीटरच्या वर नेले. महामार्ग रानाच्या मधून जातो. पण फाटकातून दोनशे पावले आत गेले की गाड्यांचा आवाज झाडीत बुडून जातो.

इथे आम्ही पहिल्यांदा शहाणपणा केला. फाटकावर वनरक्षकाला गाठून त्या मुलीने शिकवलेले सगळे प्रश्न विचारले. पायऱ्या, चढ, बाक, संडास, सावली. त्या माणसाने बिचाऱ्याने नीट उत्तरे दिली. म्हणाला, "असं कोणी विचारत नाही. सगळे एकच विचारतात, किल्ल्यावर जायला किती वेळ लागतो?" मग आम्ही तीन तुकड्या केल्या. साडेअकराला सर्वांनी खाली एका झाडाखाली जमायचे, असे ठरले.

पहिली तुकडी तीन कॉलेजच्या पोरांची आणि दोघा धट्ट्याकट्ट्यांची. ते किल्ल्याकडे गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीचा हा गड. माथ्यावर अंगठ्यासारखा उभा राहिलेला सुळका, तोच लांबून महामार्गावरून दिसतो. चांगल्या चालीच्या माणसाला वर जायला दीड-दोन तास लागतात. वाट दगडगोट्यांची, चढ छातीवर येणारा. वाटेत कर्णाई देवीचे ठाणे आहे. सुळक्याच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सुळका चढणे हे दोरखंड घेऊन येणाऱ्या गिर्यारोहकांचे काम, आपण त्या भानगडीत पडू नये. सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. विडी-सिगारेट, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठल्या तर पळायला जागा नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको, पण शहरातल्या नातवंडांना बजावून ठेवावे.

दुसरी तुकडी बायका आणि पोरांची. त्यांनी मोरटाका नावाची निसर्गवाट धरली. ही लांब आहे आणि झाडीतून खालीवर होत जाते. ज्याला तास-दीड तास चालवते आणि मुळांवरून, धोंड्यांवरून पाऊल नीट टाकता येते, त्याला ती पुरते.

तिसरी तुकडी दादा, आत्या, ८० वर्षांचे एक आजोबा आणि आम्ही. आजोबांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेलेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. ही मंडळी हरियाल वाटेला लागली. हरियाल म्हणजे हिरवे कबूतर, आपला राज्यपक्षी. ही वाट छोटी, पण मातीची आहे. चाकाची खुर्ची तिच्यावर चालणार नाही, हे आम्ही स्पष्ट लिहून ठेवतो. खुर्चीवाल्यांनी फाटकाजवळच्या रस्त्यावर आणि माहिती केंद्राच्या आसपासच सावलीत बसावे. पाखरे तिथेही येतात.

दादा पुढे, त्यांच्या काठीच्या तालावर आम्ही मागे. ठरलेच होते की सर्वांत हळू चालणारा सर्वांच्या पुढे. पहिली पंधरा मिनिटे आम्हालाच जड गेली, पाय आपोआप पुढे पळत होते. मग हळूहळू चाल बसली, आणि रान दिसायला लागले. ऐनाच्या खोडावरच्या सुसरीच्या पाठीसारख्या भेगा. कुड्याच्या शेंगा. काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलांचे पेले आणि त्यांवर मध प्यायला आलेल्या पाखरांची झुंबड.

आजोबा थांबले. "टुक टुक करतोय तो तांबट. हितं डाव्या अंगाला, उंचावर." आम्ही पाहत राहिलो, काही दिसेना. मोठ्या मुश्किलीने आत्यांना पानांआड हिरवा ठिपका दिसला. थोड्या वेळाने आजोबा पुन्हा म्हणाले, "आता शीळ घालतोय तो कोतवाल. दुसऱ्याची नक्कल करतोय लबाड." हा भृंगराज होता, शेपटीला दोन लांब पिसांची झुबके असलेला. डोळे असलेल्या आम्हा तिघांना आजोबांनी कानांनी रान दाखवले. जन्मभर माळ्यावर बसून पाखरे हाकलली, त्या विद्येचा असा उपयोग होईल असे त्यांनाही वाटले नसेल.

एका वळणावर दादांनी हात वर केला. खोट्या पायाच्या जोडाजवळ रगडत होते, म्हणून ते दगडावर टेकले. आम्हीही टेकलो. बोलायचे काही नव्हते. पाच-सात मिनिटे गेली असतील. मग समोरच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रावरून एक पांढरे पाखरू गेले, मागे हातभर लांब रिबिनीसारखी शेपटी हलवत. स्वर्गीय नर्तक. फांदीवर बसले, शेपटी झुलवली, पुन्हा उडाले, पुन्हा त्याच फांदीवर आले. दादांनी श्वास रोखून धरला होता. पाखरू गेल्यावर हळूच म्हणाले, "आपण बसलो म्हणून आलं ते."

साडेअकराला सगळे झाडाखाली जमले. किल्ल्यावरची पोरे घामाघूम होती. वरून समुद्रापर्यंतचा मुलूख दिसला म्हणून खूश होती. पक्षी? एकही नाही. "वर जायच्या नादात बघितलंच नाही," एक जण म्हणाला. दादा मग त्यांना स्वर्गीय नर्तक कसा दिसतो ते सांगत बसले, हाताने शेपटी काढून दाखवत. मागच्या वर्षी ते पिशव्या राखत बसले होते. यंदा पोरे त्यांच्याभोवती कोंडाळे करून ऐकत होती.

बोरिवली : लेणी आणि पाण्याचा हिशेब

तिसऱ्या दिवशी ऐरोलीच्या पुलावरून ठाण्यामार्गे बोरिवलीला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध उभे आहे. तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे जुने तलाव याच्याच कुशीत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा बेत त्याप्रमाणे आखावा.

फाटकाजवळचा भाग सपाट आणि डांबरी रस्त्यांचा आहे. काठीवाला, खुर्चीवाला, कडेवरच्या पोराची आई, सर्वांना तिथे मोकळेपणाने फिरता येते. कान्हेरी लेणी आत सहा-सात किलोमीटरवर. फाटकापासून बसची सोय असते, ती त्या दिवशी चालू आहे ना हे मात्र विचारून घ्यावे. ज्याला चालवते त्याने सकाळच्या थंडाव्यात तो रस्ता पायी करावा. आमच्या पोरांनी केला.

लेण्यांपाशी पायऱ्या आहेत, हे आधीच सांगतो. पण पहिली मोठी लेणी फार वर नाहीत. आत्यांनी प्रत्येक टप्प्यावर बसत, दादांनी कठड्याचा आधार घेत तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह गाठले. ओसरीच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत. या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि हजारएक वर्षे तिथे भिक्षूंचा राबता होता.

आम्हा शेतकऱ्यांचे लक्ष मात्र मूर्तींपेक्षा पाण्याकडे गेले. लेण्यालेण्याच्या दारात खडकात कोरलेले टाके आणि वरून येणारे पावसाचे पाणी त्यात सोडणाऱ्या कोरीव पन्हळी. तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावच्या लोकांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. कोणी लेणे दिले, कोणी टाके दिले, कोणी भिक्षूंच्या खर्चासाठी शेत लावून दिले. एकट्याला डोंगर पोखरणे झेपत नाही. वाटे केले की होते. कारखान्याच्या शेअरचा अर्थ सांगायला याहून जुना दाखला कुठला शोधायचा?

बिबट्याबद्दल एक शब्द. उसाच्या फडात त्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. इथेही तो आहे. अंधार पडण्यापूर्वी बाहेर यावे, लहान मुलांना एकटे पुढे सोडू नये, आडवाटेला शिरू नये. फडात जे नियम आपण पाळतो, तेच.

जाणाऱ्यांसाठी थोडे

नवी मुंबईला मुलाकडे जाल तेव्हा या गोष्टी ध्यानात ठेवा. कर्नाळा ऑक्टोबर ते मार्च या काळात सकाळी लवकर करावा. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याकडे नातवंडे ओढत नेतील. तिथे ओढ्याला अचानक लोंढा येऊन जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात बंदी घातली जाते. ती बंदी मोडू नका. पायात चपलेऐवजी बूट घालावेत. प्रत्येकाजवळ पाणी असावे, पण रिकामी बाटली घरी परत आणावी. माकडांना खाऊ घालू नये. मधुमेहवाल्याने खिशात गूळ ठेवावा, आपल्याच गावचा असला तर उत्तम. आणि निघण्यापूर्वी पायऱ्या, चढ, बाक, संडास, सावली ही पाच उत्तरे मिळवल्याशिवाय कुणाला "चला, सोपं आहे" म्हणू नये.

पुढच्या सहलीच्या अर्जात आम्ही एक नवा रकाना घातला आहे : "न थांबता किती चालवते?" त्यासमोर कोणी एक किलोमीटर लिहील, कोणी दोनशे पावले, कोणी 'चाकाची खुर्ची' लिहील. लिहायला लाजू नये. काट्यावर गाडी घालताना कोणी लाजते का? ठिकाण त्या रकान्यावरून ठरेल.

सहलीआधी वाट पाहून यायचे, पायऱ्या मोजायच्या, बाक मोजायचे, हे काम दादांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे. येत्या दिवाळीनंतरचा बेत त्यांच्याकडेच सोपवला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले नाव गट कार्यालयात नोंदवावे, आणि आपल्या गावाजवळ अशी एखादी चांगली वाट ठाऊक असेल तर तीही आम्हाला कळवावी. मोजून कळवावी.